पंधरवड्यात सजलेलं टेबल

सापाची कात मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती टेबलवाल्या काकूंच्या दारात, सीताफळांच्या टोपलीभोवती गुंडाळलेली. चिकलठाण्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. नवरात्रातलं हळदीकुंकू म्हणून मी नटूनथटून समोरच्या घरी गेले आणि उंबऱ्यातच किंचाळले. काकूंना नवल वाटलं ते माझ्या किंचाळण्याचं. "साप कवाच गेला की गं. ही नुसती त्याची आठवण हाय," असं म्हणून त्यांनी मला शांतपणे कुंकू लावलं.

त्यांच्या दारातून आत शिरताच एक जुनं सागवानी टेबल होतं. एरवी त्यावर किल्ल्या, विजेचं बिल आणि काकांची टोपी पडलेली असायची. पण पाऊस सरला, घट बसले, की ते टेबल असं काही सजायचं की लिफ्टमधून उतरणारा माणूस आपलं घर विसरून तिथे थांबायचा. बाजरीची कणसं, झेंडू, वाळलेले दोडके, एकदा तर सुगरणीचं अख्खं घरटं! विकतचं काही चालायचं नाही. मी हौसेने प्लॅस्टिकची फुलं नेली, तर "ही कोणत्या झाडाची?" असं त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं, की मी ती गुपचूप पिशवीत कोंबली.

हा सगळा माल काका आणायचे. नोकरी शेंद्र्याच्या कारखान्यात, पण सुट्टी मिळाली की स्वारी पडेगावला भावाच्या शेतावर. काकू मांडायला लागल्या की ते चहाचा कप घेऊन समोर उभे राहायचे आणि सीताफळं डावीकडे घे, एवढंच सुचवायचे. काकू साफ नाही म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी पाहावं तर सीताफळं डावीकडे.

पितृपंधरवड्याच्या बाबतीत मात्र काकू भलत्याच कडक होत्या. त्या दिवसांत मी पडदे विकत आणले, तर त्यांनी मला जिन्यातूनच परत दुकानात पिटाळलं होतं. पंधरवड्यात नवं काही नाही, सजावट तर नाहीच नाही.

मग एका उन्हाळ्यात काका अचानक गेले. त्या नवरात्रात टेबल उघडंच राहिलं. टोपी तेवढी जागेवर होती. तिच्याकडे बघवत नव्हतं मला.

पुढच्या वर्षी पंधरवड्यात, काकांच्या तिथीच्या सकाळी, मी दार उघडलं आणि हातातली दुधाची पिशवी खाली पडली. समोरच्या उघड्या दारात टेबल सजलं होतं! कणसं, झेंडू, कात, सगळं. काकूंचं डोकं फिरलं, असंच वाटलं मला. त्यांच्या पुण्याच्या मुलीला कळवावं म्हणून मी मोबाइल काढला, तेवढ्यात काकू बाहेर आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचा होता.

"घटाला समदे येतेत, पोरी. हे मात्र आजच येणार. मग त्यांनी टेबल बघायचं कवा?"

मी मोबाइल खाली घेतला. सीताफळं डावीकडे होती.

या उन्हाळ्यात काकूही गेल्या. दुपारी माझ्याकडे ताक पिऊन गेल्या आणि संध्याकाळी नव्हत्या. अजून खरं वाटत नाही. मुलीने घर रिकामं करून कुलूप लावलं आणि जाताना टेबल मला दिलं.

आता पंधरवडा सुरू आहे. आज काकांच्या तिथीला मी सकाळीच माझ्या दारात टेबल ओढलं, पुसलं आणि मांडायला घेतलं. सासूबाई देवघरातून आल्या त्या तोंडावर हातच ठेवून. पंधरवड्यात हे काय चालवलंयस, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाहुणे यायचेत. कुठले पाहुणे, ते त्यांना कळेना.

मी सीताफळं डावीकडे सरकवली. "समोर कुलूप आहे ना, आई," मी म्हणाले, "दोघं येतील आणि दारातूनच परत जातील. टेबल तरी ओळखीचं दिसू दे त्यांना."