ठप्पा पडला की खलास

२०२२ साल. मला तेव्हा सदुसष्टावं लागलं होतं, आणि हज्जींना कितवं, ते त्यांचं त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. संध्याकाळी मशिदीतून परत आले की ते घराच्या भिंतीवरच्या विजेच्या मीटरपाशी थांबायचे आणि पेटीवर तळव्याने दोन थापा मारायचे. गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवर आपण मारतो ना, तशा. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "नज्जार, खातो रे हा. पण कमी खातो."

नज्जार म्हणजे सुतार. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण एवढ्या वर्षांत त्यांनी ते कधी घेतलं नाही. बहरीनमध्ये बुसैतीनला त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, तिथे मी भाड्याने राहतो. हिद्दच्या कारखान्यात दरवाजे करतो. त्यांना सगळा मोहल्ला हज्जी म्हणायचा, म्हणून मीही इथे तेच लिहितो. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत चालायचं. त्यांचे वडील खजूर घेऊन मुंबईला जायचे, त्यामुळे हिंदी ही आपल्या घरचीच भाषा आहे असं हज्जींना वाटायचं. त्यांची हिंदी आणि माझी हिंदी जशीच्या तशी लिहिली तर तुम्ही हसाल, तेव्हा मराठीतच लिहितो.

खोलीच्या भाड्यात वीज धरलेली होती. पहिल्याच उन्हाळ्यात मी विजेचे वेगळे पैसे पुढे केले. हज्जी भडकले. "मी काय तुला गार हवा किलोवर विकतो?" मीही ऐकणारा नव्हे. त्यांच्या घराचा पुढचा दरवाजा मी सागवानात नवा करून दिला. त्याचे पैसे ते द्यायला आले, मी हात मागे बांधून उभा राहिलो. असे आम्ही दोघे. दोघांपैकी एक जरी शहाणा असता तर आमचं इतकी वर्षं जमलं नसतं.

आता विजेचं थोडं समजून घ्या. इथलं सरकार इथल्या नागरिकाला त्याच्या राहत्या घराच्या विजेवर मोठी सूट देतं. तुम्हाआम्हाला, बाहेरून आलेल्यांना, ती नाही. हज्जींचं बिल त्या सुटीमुळे हलकं यायचं आणि माझ्या खोलीची तार त्याच मीटरवर होती. म्हणून मीटर "कमी खायचा".

बिल भरायला जाणं हा हज्जींचा सण होता. महिन्यातून एक सकाळ. पांढराशुभ्र झगा, वर अत्तर, आणि जुनी गाडी. मला सुट्टी असली की मी शेजारी. मुहर्रकच्या ऑफिसात खिडकीपाशी एक मुलगी बसायची. हज्जी तिच्या घरच्यांची सगळी खुशाली विचारायचे, पैसे द्यायचे, पावतीवर ठप्पा पडला की तो बोट लावून बघायचे. "ठप्पा पडला? खलास." मग आम्ही वेलचीचा चहा प्यायचो. चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून दर वेळी भांडण.

हज्जींचा मोठा मुलगा मनामाला नोकरीला आहे, राहतोही तिकडेच. चांगला पोरगा. बापाने उन्हात रांगेत उभं राहू नये म्हणून त्याने बँकेला लिहून दिलं, की दर महिन्याचं बिल हज्जींच्या पेन्शनच्या खात्यातून आपोआप कापून घ्या. येऊन बापाला समजावून सांगितलं. हज्जी "बरं, बरं" म्हणाले.

आणि पुढच्या महिन्यात झगा घालून गाडीत बसले.

मी म्हटलं, "हज्जी, बँक भरणार ना आता?"

"बँक कोण? मी तिला कधी बघितलं नाही. ठप्पा कुठाय तिचा?"

खिडकीतली मुलगी हसून म्हणाली, "बाबा, बिल भरलेलं आहे. काही बाकी नाही."

"मग पुढच्यासाठी घे. मार ठप्पा."

तिने घेतले. पैसे जास्तीचे म्हणून खात्यात जमा पडले. पुढच्या महिन्याचं बिल त्या जमेतूनच वळतं झालं, तेव्हा बँकेने काहीच कापलं नाही. हज्जी मात्र दर महिन्याला जाऊन, बिल कितीही असो, उन्हाळ्याच्या बिलाएवढे पैसे भरतच राहिले. मुलाला वाटत होतं, बँक भरते. बापाला वाटत होतं, आपण भरतो. आणि जमा वाढत होती. मला हे कळत होतं, पण एका माणसाची महिन्यातली एक चांगली सकाळ मी कशाला मोडू?

मग एकदा वीज खात्याचा माणूस पडताळणीला आला. घरात कोण राहतं, हे विचारायला. तुम्ही-मी असतो तर मागच्या खोलीबद्दल गुळमुळीत काहीतरी सांगून त्याला वाटेला लावलं असतं. हज्जींनी त्याला बसवला, कहवा पाजला, खजूर खाऊ घातले आणि हाताला धरून माझ्या खोलीशी आणला.

"हा माझा भाडेकरू. हिंदी आहे, हिंदुस्तानचा. असा सुतार बहरीनमध्ये दुसरा नाही. हा दरवाजा बघ, पावसाळ्यातसुद्धा अडकत नाही."

बहरीनमध्ये कसला पावसाळा! पण तो माणूस दरवाजा उघडून-लावून बघून गेला. त्याने त्याचं काम चोख केलं. घरात परदेशी भाडेकरू, म्हणून घरावरची सूट गेली. बिल एकदम कितीतरी पटीने वाढलं.

तरी काही महिने कोणाला पत्ता लागला नाही. वाढलेलं बिल हज्जींची जमा गुपचूप गिळत होती, आणि त्यांच्या पेन्शनीतून काहीच कापलं जात नव्हतं. ऑगस्टात जमा संपली. तेव्हा दिवसरात्र एसी चालतात. बँकेने अख्खं बिल पेन्शनमधून एका फटक्यात कापलं. हज्जी औषधं घ्यायला गेले तर कार्ड चालेना.

त्या शुक्रवारी मुलगा माझ्या खोलीत आला. खाली मान घालून बसला.

"अंकल, तुमच्यावर राग नाही. पण तुम्ही इथे आहात तोवर सूट परत मिळत नाही. खोली रिकामी झाली की मी अर्ज करतो. बाबांची पेन्शन सगळी विजेत जाईल हो."

खोटं काय बोलत होता? मी म्हटलं, "महिन्याअखेर जातो." बोललो ताठ मानेने. पण तो गेल्यावर खोलीभर नजर फिरवली, तर भिंतीतली फडताळं, खाट, खिडकी, सगळं माझ्या हातचं. इथून उठून हिद्दला आठ माणसांच्या खोलीत एका पलंगावर जाऊन पडायचं होतं. ह्या वयात.

हज्जींना मी काही सांगितलं नाही. खोकी बांधायला घेतली. त्यांना आवाज आला असावा. दारात उभे राहिले.

"कुठे चाललास?"

"हिद्दला."

"घर कोणाचं?"

"तुमचं."

"मग मला विचारलंस?"

मी म्हटलं, "हज्जी, वाढलेलं बिल मी देतो. तसं असेल तर राहतो."

त्यांचा चेहरा असा झाला, की मी थोबाडीत मारली असती तरी तसा झाला नसता. "एवढी वर्षं राहून तू मला दुकानदारच समजलास," असं म्हणून ते निघून गेले. दोन-तीन दिवस बोलले नाहीत. मीटरवरही थाप मारली नाही.

मग एका दुपारी, ऐन उन्हाच्या वेळी, दारावर काठी वाजली. बघतो तर हज्जी. काखेत उशी, हातात रेडिओ, मागे मोलकरीण गादी घेऊन उभी.

"सरक," म्हणाले. "माझे सगळे एसी बंद केलेत. बैठकीतला, झोपायच्या खोलीतला, सगळे. तुझा एकच चालू ठेवायचा. दोन म्हातारे, एक एसी. बघू आता बिल कसं वाढतं."

"अहो, पण तुम्ही मालक..."

"मालक आहे म्हणूनच सांगतो. सरक."

तो उरलेला उन्हाळा हज्जी माझ्या खोलीत झोपले. पहिल्या रात्री गादी खाली घातली होती, दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून फळ्या आणून त्यांच्यासाठी खाट केली. ते घोरायचे, आणि सकाळी मलाच म्हणायचे, "नज्जार, रात्रभर करवत चालवतोस." मुलगा येऊन दोघांकडे बघून गेला. सूट परत आली नाही, पण बिल खाली आलं, आणि पेन्शनीत औषधं बसू लागली. हज्जी पुन्हा झगा घालून मुहर्रकला जाऊ लागले. मी खोकी सोडली.

मग थंडी आली तरी ते परत आपल्या खोलीत गेले नाहीत. आता एसी लागत नव्हता.

गेल्या वर्षी ते गेले. माझ्याच खोलीत, पहाटे. मी हाक मारली, "हज्जी, नमाजाची वेळ झाली," आणि ते उठले नाहीत. त्याच दिवशी त्यांना मातीत ठेवलं. मीही तीन मुठी माती घातली. तिथल्या कोणी मला बाजूला हो म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मुलगा माझ्याकडे आला. मी आधीच विचार करून ठेवला होता. म्हटलं, "पोरा, आता मी जातो. तू सूट परत मिळवायचा अर्ज कर."

तो हज्जींच्या खाटेवर बसला. फळीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "अंकल, बिल आता माझ्या खात्यातून कापलं जाईल. बँकेला कळवलंय. बाबांनी मला एकच गोष्ट बजावली होती, अर्ज करू नकोस म्हणून." जरा थांबून हसला. "ते म्हणायचे, सरकार सूट देईल, असा सुतार कुठून देईल?"

तो गेल्यावर बाहेर येऊन मीटरपाशी उभा राहिलो. हात उचलवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, बस धरून मुहर्रकला गेलो आणि रांगेत उभा राहिलो. खिडकीत तीच मुलगी होती. तिने खातं बघितलं आणि म्हणाली, "काही बाकी नाही. बँकेतून जाणार आहे."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "पुढच्यासाठी घे. ठप्पा मार."

तिने पैसे घेतले, ठप्पा मारला. पावती मला देताना ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होती, गाडी लावून मागून अजून कोणी येतंय का म्हणून.