दोरीवरची मोराची चादर

मी काढलेला फोटो बातम्यांच्या वेबसाइटवर लागला त्या सकाळी मी हौसेनं मोबाईल आईपुढं धरला. युक्रेनमधलं एक खेडं, एका म्हातारीचं स्वयंपाकघर आणि पाठमोरा बसलेला तिचा मुलगा. जखमी होऊन घरी आलेला तो पुन्हा आघाडीवर गेलाच नाही. अशांना शोधायला सैन्याची माणसं फिरतात, म्हणून म्हातारी त्याला लपवून ठेवते. दोन वर्षांत मी चार खेपा घातल्या, तेव्हा कुठं तिनं फोटो काढू दिला. अट एकच, कुणाला ओळखू येता कामा नये. मी चेहरा घेतला नाही, नाव दिलं नाही, गावाचंही नाही. स्वतःवर भलतीच खूश होते.

आईनं चष्मा लावला. "अगं, ही आपली चादर की!"

मी फोटो मोठा करून बघितला. मुलाच्या खांद्यावर मोराची चादर होती. आम्ही सोलापूरकर कुणाकडं रिकाम्या हातानं जात नाही. पहिल्या खेपेला आईनंच ती माझ्या बॅगेत कोंबलेली. म्हातारीनं ती अंगणात दोरीवर टाकली की येणारेजाणारे थांबून हात लावून बघायचे. आमच्या गल्लीत ती घरोघरी, म्हणून माझ्या डोळ्यांत भरलीच नाही. तिथं मात्र साऱ्या गावात एकच होती!

"एका फोटोला दोन वर्षं लावतीस, अन् एवढी लालभडक चादर दिसली न्हाय व्हय तुला?"

मी तडक संपादकाला फोन केला. फोटो लगेच उतरवला, पण तोवर कुणी कुणी पाहिला, देव जाणे. तिथली माझी दुभाषी मैत्रीण म्हणाली, जाऊन बघते. मग तीन दिवस काहीच नाही. फोन वाजला की धडधड, नाही वाजला की जास्तच. आईनं दोनदा वरण करपवलं. मी तिच्यावरच ओरडले, मग रडले.

चौथ्या दिवशी निरोप आला. मुलगा अजून घरातच होता. म्हातारी एवढंच विचारत होती, तसल्याच आणखी चादरी मिळतील का? शेजारणी तयार होत्या, प्रत्येकीच्या दोरीवर एक.

आई चपला घालून बाजारात गेली. रिक्षा भरून आणल्या, सगळ्या लाल, सगळ्या मोराच्या.

आज तिसरा आठवडा. पार्सल वाटेत पोलंडमध्ये अडकलंय. आई सकाळी उठल्या उठल्या विचारते, "पोचल्या का गं?" मी नाही म्हणते. मग ती तिथंच ओट्याला टेकून उभी राहते.

"पहिली मीच कोंबली की गं तुझ्या बॅगेत."