जयाच्या फिल्मवरचा ठिपका

दत्ताराम पाटकर अठरा वर्षं गिरणीत कापड तपासत होता. संपात नोकरी गेली. १९८६ साली तो घाटकोपरच्या एका सीटी स्कॅन केंद्रात डार्करूमच्या कामाला लागला. कॅसेटच्या चपट्या डब्यात फिल्म भरायची, मशीनवरची चित्रं तिच्यावर ओळींनी उतरली की धुऊन वाळवायची.

एका दुपारी गोवंडीचे भीमराज कांबळे आपल्या सात वर्षांच्या मुलीला, जयाला, घेऊन आले. महिनाभर तिचं डोकं दुखत होतं. स्कॅन झाला, डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडावर लावली. मेंदूच्या मागच्या भागात पांढरा ठिपका.

"गाठ असू शकते," त्या भीमराजांना म्हणाल्या. "उद्याच मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. ऑपरेशन लागेल कदाचित."

भीमराजांनी जयाच्या सँडलचा पट्टा लावला, सोडला, पुन्हा लावला.

दत्तारामने सकाळच्या एका म्हाताऱ्याची फिल्म शेजारी धरली. तिसरी ओळ, दुसरं चित्र. फिल्मच्या अगदी त्याच जागी ठिपका. म्हाताऱ्याच्या चित्रात तो कवटीच्या कडेला पडला होता, म्हणून कुणाला खटकला नव्हता. गिरणीत शिकलेली गोष्ट अशी की, ताग्यामागून ताग्यात डाग त्याच जागी आला तर सुताला दोष द्यायचा नाही, यंत्र बघायचं.

"बाई, ह्यो ठिपका पोरीचा नाय. कॅसेटचा आहे."

"तू कधीपासून रिपोर्ट द्यायला लागलास रे?"

"रिपोर्ट तुमचा. मी डाग बघतो."

"कॅसेट पुसतं कोण?"

"मीच."

बाईंनी मशीनच्या पडद्यावर जयाची चित्रं पुन्हा काढली. ती जागा स्वच्छ होती. दुसऱ्या कॅसेटमधली फिल्मही स्वच्छ आली. पहिली कॅसेट उघडली तर आत रव्याच्या कणाएवढा कागदाचा कपटा चिकटलेला.

"गाठ नाही," बाई भीमराजांना म्हणाल्या. "चूक आमची. डोकं नजरेमुळे दुखत असेल, पोरीचे डोळे तपासून घ्या."

भीमराजांनी जयाला जवळ घेतलं. मग दत्तारामकडे वळले. "पुसायचं तुम्हीच विसरलात ना?"

"होय."

"मग शिव्या देऊ की चहा पाजू?"

"चहा. शिव्या बाई देतील."

बाईंनी त्या दिल्याही. दुसऱ्या दिवशी दत्तारामने प्रत्येक कॅसेटवर नंबर रंगवला आणि रोज सकाळी पुसायची पद्धत लावली. नोकरी टिकली. जयाला पुढच्या आठवड्यात चष्मा लागला.

पण त्या दुपारी ती स्कॅनसाठी सकाळपासून उपाशी होती. कोपऱ्यावरच्या गाडीशी तिने स्वतःचा वडापाव संपवला आणि भीमराजांच्या हातातला मागितला. त्यांनी तो अजून तोंडाला लावला नव्हता.