समोरचा फळा

सदाशिव पेठेतल्या आमच्या चौकात दोन पक्षांचे दोन फळे समोरासमोर होते. त्यातल्या एकावर चौकातलेच एक गृहस्थ रोज सकाळी खडूने लिहायचे. नोकरी बँकेत, अक्षर सुरेख, जीभ तिखट. समोरचा फळा एक निवृत्त मास्तर लिहायचे. दोघं बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. काय भांडायचं ते फळ्यावर. कंपनीच्या बसची वाट बघत मी दोन्ही वाचायचो.

सीमेवर लढाई पेटली त्या उन्हाळ्यात मास्तरांचा फळा कोरा राहिला. त्यांचा मुलगा आघाडीवर होता. कोऱ्या फळ्यासमोर माणसं थबकायची आणि हळूच विचारायची, "काही कळलं का?"

तिसऱ्या दिवशी पाहतो तर हे बँकवाले मास्तरांच्या फळ्यापाशी स्टुलावर उभे. मास्तरांसारखं तिरपं अक्षर काढून स्वतःच्याच पक्षाला झोडपत होते.

"अहो, हा फळा त्यांचा ना?"

"वाचता येतं मला." मग लिहिता लिहिताच म्हणाले, "मास्तरीणबाई दुधाला इथूनच जातात. लोक असे थबकलेले दिसले की त्यांना पुढे पाऊल टाकवत नाही."

"मुलाचा फोन आला का?"

"आमची ही रोज जाऊन विचारून येते. अकरा दिवस नाही."

त्यांनी आपल्याच नेत्याबद्दल आणखी एक ओळ लिहिली. खाली उतरून वाचली. मग पुन्हा वर चढून ती पुसली आणि जास्त झोंबेल अशी लिहिली.