नवरीचे मामा, असाल तिथून मांडवात या

लग्नात नवरीचा मामा हरवला तर लग्न थांबतं. हरवलेला मामा मीच असल्यामुळं मला हे फार उशिरा कळलं.

मंगलताई ही माझी थोरली बहीण. चाकूरच्या अलीकडं एका खेड्यात तिचं घर. तिच्या धाकट्या लेकीचं, स्नेहलचं लग्न होतं, दारातच मांडव घालून. मी नांदेडला बँकेत असतो. आदल्या दिवशी आम्ही गाडीनं निघालो, तेव्हा गाडीच्या पाठीमागं मी माझी सायकल बांधत होतो. बायको, म्हणजे सुरेखा, आहेराच्या पिशव्या घेऊन खाली आली आणि थबकली.

"आपण लग्नाला चाललोय का शर्यतीला?"

"असू दे की. तिकडं माळ आहे मस्त. मिळाला वेळ तर एक चक्कर."

"मामा आहात तुम्ही नवरीचे. मामाला लग्नात वेळ मिळत नसतो."

(हे वाक्य मी तेव्हाच पाटीवर लिहून गळ्यात अडकवायला हवं होतं.)

सायकलीबद्दल थोडं सांगायला हवं. ही डोंगरात चालवायची सायकल. नांदेडात डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. त्यामुळं आमचा सकाळचा ग्रुप विष्णुपुरीच्या धरणाकडं जातो, वाटेत एखादा मुरुमाचा ढीग दिसला की आळीपाळीनं त्याच्यावर चढतो, फोटो काढतो आणि पोहे खाऊन परत येतो. ग्रुपमधले जाणकार म्हणजे एक दातांचे डॉक्टर. माझ्या दातांबद्दल त्यांनी आजवर जेवढं सांगितलं नसेल, तेवढं टायरबद्दल सांगितलं. "रुंद घ्या, खोल नक्षीचे घ्या. या टायरनं तुम्ही कुठंही जाल!" मी घेतले. मग त्यांनी बूट सुचवले. या बुटांच्या तळाला लोखंडी पट्टी असते. ती पायडलमध्ये खट्टकन अडकते आणि माणूस व सायकल एकजीव होतात. सुटायचं असेल तर टाच बाहेर झटकायची. बूट आवळायला नाडी नाही, एक चकती फिरवायची. शिवाय घट्ट चड्डी, तिला बुडाशी गादी, डोक्यावर हेल्मेट. एवढं सगळं अंगावर चढवलं की मी स्वतःला चित्त्यासारखा वाटतो. सुरेखाच्या मते मी भरलेल्या वांग्यासारखा दिसतो.

रात्री खेड्यात अवकाळी पाऊस झोडपून गेला. सकाळी बघतो तर घरात पाहुणे मावेनात, न्हाणीघरापुढं रांग, ताई एकाच वेळी चौघांवर ओरडतेय. माझा अंघोळीचा नंबर येईपर्यंत तास तरी जाणार होता. मी सायकल काढली.

"आत्ता?" सुरेखा म्हणाली.

"हा गेलो, हा आलो."

माळावर जातानाचा रस्ता मुरुमाचा होता. काय सांगू! पावसानं धुतलेला माळ, गार वारा, खाली ताईच्या मांडवाची लाल-पिवळी कापडं. तिथंच मागं वळलो असतो तर ही गोष्ट घडली नसती. पण मोबाईलच्या नकाशानं मला खाली उतरणारी एक पाणंद दाखवली. शेतांमधून थेट मांडवापर्यंत. निम्मं अंतर! आणि माझे टायर तर कुठंही जाणारे.

मराठवाड्याची काळी माती ओली झाली की ती माती राहत नाही, ती कणीक होते. दहा-वीस हात गेलो असेन. टायरच्या खोल नक्षीत माती बसली. तिच्यावर माती बसली. तिच्यावर गवत, पऱ्हाट्या आणि आणखी माती. दोन्ही चाकं गाडीच्या चाकाएवढी जाड झाली आणि जागच्या जागी थांबली. मी सवयीनं टाच झटकली. उजवा पाय सुटला. डाव्या बुटाच्या पट्टीत चिखल असा गच्च बसला होता की तो पाय सुटेना. आणि सायकल नेमकी डावीकडं कलली. सावकाश. विचार करायला भरपूर वेळ मिळाला, पण उपयोगाचा एकही विचार आला नाही.

बसकण मारलेल्या म्हशीसारखा मी चिखलात आडवा पडलो. पायाला सायकल चिकटलेलीच. उठावं तर सायकल वर बसते, सायकल लोटावी तर पाय पिळवटतो. तेवढ्यात मांडवातला लाउडस्पीकर खरखरला. माईकवर ताईचे दीर बाबूराव होते. त्यांना माईक दिला की जेवणासाठीसुद्धा ते तो सोडत नाहीत.

"नवरीचे मामा, असाल तिथून मांडवात या. नवरदेव पारावरून निघालेले आहेत!"

मी असेन तिथंच होतो. तिथून मांडव स्वच्छ दिसत होता!

मोबाईल वाजला. सुरेखा. बोटं चिखलानं लडबडलेली, पडद्याला ती बोटं आहेत हेच पटेना. शेवटी मी नाकानं फोन उचलला.

"कुठं आहात?"

"इथंच. मांडव दिसतोय मला."

"मग या की चालत!"

"पाय अडकलाय."

"कशात?"

"सायकलीत."

पलीकडची सनई जरा लांब गेली; ती कोपऱ्यात गेली असावी. मग ती हळू आवाजात म्हणाली, "लग्न लावणारे स्वामी म्हणाले, चुलतमामाला उभं करू. स्नेहल ऐकेना. माझा मामा आल्याबिगर मी उभी राहणार न्हाई म्हणते. खोलीत बसलीय दार लावून." आणि फोन ठेवला.

खरं सांगतो, रडायला आलं. ही पोर चालायला शिकली ती माझं बोट धरून, आणि आज मला माझाच पाय सोडवता येत नव्हता.

"ए बाबा, जित्ता हाईस का?"

डोक्याशी एक बाई उभी. साठीच्या पुढची, नवं कोरं इरकल नेसलेली, काखेत स्टीलची कळशी.

"आहे. पाय सोडवा, मावशी."

तिनं बांधावरचा एक दगड उचलला आणि पायडलवर असा हाणला की पाय सुटला, मी सुटलो आणि माझ्या तोंडून निघालेली किंकाळी बहुतेक चाकूरपर्यंत गेली.

"कुठं चाललाव?" तिनं विचारलं.

"लग्नाला. मी नवरीचा मामा."

तिनं मला खालून वर बघितलं. मग वरून खाली. गादीपाशी जरा जास्त थांबली.

"मामा? असल्या चड्डीत?"

उत्तर द्यायच्या आत माईक पुन्हा खरखरला. "नवरीचे मामा, आणि नवरदेवाच्या आत्याबाई, असाल तिथून मांडवात या. दोघंबी सापडेनात. कुणाला दिसल्यास आणून सोडावे."

"अगं बया, मलाच बलवायलेत!" म्हातारी म्हणाली. टेम्पोत मळमळायला लागलं म्हणून ती फाट्यावर उतरली होती. मांडव दिसतोय, चालत जाऊ, असा तिचा हिशोब. म्हणजे माझाच.

"हिकडून चला, बांधानं जवळ पडतंय," असं म्हणत ती पुढं झाली. मी सायकल खांद्यावर घेतली (ती आता रेडकाएवढी जड होती) आणि मागं निघालो. पन्नास पावलांवर बांध संपला आणि नांगरलेलं रान लागलं. आत्याबाई पोटरीपर्यंत रुतल्या. एक चप्पल आत राहिली. ती शोधायला मी वाकलो, तर सायकल मानेवरून पुढं येऊन मला घेऊनच रानात शिरली.

कसेबसे डांबरी रस्त्याला लागलो. काडीनं चाकं कोरून काढली.

"बसा," मी म्हणालो.

"कुठं बसू? क्यारेज कुठाय?"

"नसतं याला."

"मडगार?"

"नाही."

"घंटी तरी?"

"नाही."

"कोणी फसिवलं रं तुला, बाबा?"

शेवटी त्या पुढच्या दांडीवर आहेराची कळशी घेऊन बसल्या. मी पायडल मारलं. खट्ट! डावा पाय पुन्हा अडकला. चाकांच्या नक्षीतला उरलेला चिखल सुटून आमच्या दोघांच्या तोंडावर थपाथप बसायला लागला. आणि माईक सुरूच: "नवरीचे मामा आणि नवरदेवाच्या आत्याबाई अजून आलेले न्हाईत. दोघं एकाच वाटंनं यायल्याची खबर हाय!"

मांडवाच्या दारात नवरदेवाचे वडील, दाजी, स्वामी, सुरेखा आणि निम्मं गाव उभं होतं. आम्हाला बघून बँडवाल्यांना वाटलं, कुणीतरी मोठे पाहुणे आले. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मी ब्रेक दाबला. आत्याबाई त्या वयात टुणकन उतरल्या, कळशीसकट. मी टाच झटकली. पाय सुटला नाही. मी पुन्हा झटकली. मग मी झटकणं सोडून दिलं आणि डावीकडं निघालो.

डावीकडं बाबूरावांचं टेबल होतं. टेबल, माईक आणि मी एकदमच खाली आलो. माईक माझ्या छातीवर पडला. चालू!

"हेच बघायचं राहिलं होतं!" सुरेखाचा आवाज साऱ्या शिवारात घुमला. "सगळं गाव नटून बसलंय, आणि हे बघा! बुडाला गादी लावून आलेत!"

बाबूराव घाईघाईनं बटण शोधायला लागले. बंद करायच्या ऐवजी त्यांनी आवाज वाढवला. "अहो, उठा आता! लोक बघायलेत!" हे शेजारच्या गावानंसुद्धा ऐकलं असणार.

"हे कोण?" नवरदेवाच्या वडिलांनी विचारलं.

बाबूरावांनी माईक हातात घेतला. सवयच ती. "हे नवरीचे मामा आहेत. मांडवात त्यांचं सहर्ष स्वागत!"

चौघांनी मिळून मला पायडलवरून सोडवलं. पण बुटाची चकती चिखलानं जाम झाली होती, डावा बूट काही निघेना. दाजींनी ओढला, नवरदेवाच्या मित्रांनी ओढला.

"पायताण घालून आत यायचं न्हाई," स्वामी म्हणाले.

"कापून काढू," कुणीतरी विळा आणला. बूट कापायचा की पाय, हे त्याच्या चेहऱ्यावरून नीट कळत नव्हतं.

"राहू द्या," खोलीच्या दारातून आवाज आला. स्नेहल बाहेर आली होती, शालू, मुंडावळ्या, सगळं लेऊन. "मला मांडवाच्या कडंला उभं करा. मामा एक पाय आत ठेवतील, एक बाहेर."

तसंच केलं. दोन्हीकडची मंडळी, स्वामी, नवरदेव, सगळं लग्न दोन हात सरकलं. ताईनं आहेरातली एक चादर फाडकन उघडून माझ्या कमरेला गुंडाळली. तिच्यावर मोर होते. हेल्मेट काढायचं मात्र कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. मंगलाष्टका सुरू झाल्या तेव्हा कळलं. बाकीच्यांच्या डोक्यावर अक्षता अलगद पडत होत्या, माझ्या डोक्यावर टिकटिक वाजत होत्या.

स्नेहल मान न वळवता कुजबुजली, "मामा, पाय दुखायलाय का?"

"नाही गं."

"मग रडायलाव कशाला?"

मी चादरीच्या टोकानं तोंड पुसलं. एका मोराचा पार चिखल झाला.

परतताना सुरेखा नांदेड येईपर्यंत मागं बांधलेली सायकल आरशातून बघत होती. गल्लीत वळल्यावर म्हणाली, "व्हिडिओवाल्यानं सगळं घेतलंय." एवढंच.

दिवाळीला स्नेहलच्या सासरी, उदगीरकडं जाणं झालं. मी ठरवूनच गेलो होतो. पांढरा शर्ट, इस्त्रीची पॅन्ट, साधी चप्पल. त्या दिवसाचा डाग धुऊन काढायचा. स्नेहलचे सासरे दारात आले. मी हात जोडले. त्यांनी जोडले. मग बराच वेळ ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"कोण आपण?"

"मी स्नेहलचा मामा. लग्नात भेट झाली होती आपली."

"अरे हाव हाव!" त्यांनी कपाळावर हात मारला. "वाईट वाटून घेऊ नका, पावनं. तुमाला आडवंच बघितलं होतं. उभं असल्यामुळं वळखू आलं न्हाई!"

मी पटकन सतरंजीवर बसून घेतलं. तेवढीच त्यांना ओळख पटायला मदत.