फळ्याकडे पाठ केलेल्या बाई

दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या गावोगावच्या नाचगाण्याच्या खेळात, तोंडाला रंग फासून माझे आयुष्य नाचण्यात गेले. काय दिवस होते ते! त्यातून एक गोष्ट पक्की कळली: लोकांना पाठ दाखवली की खेळ मेला. शेलूबाजारजवळच्या आमच्या तांड्यावरच्या शाळेत निता बाईंना हे कोणी न सांगता उमगले होते.

त्यांच्या तिसरीत संस्कृती होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. अशा मुलांसाठीचे फिरते शिक्षक महिन्यातून एकदा येत आणि चहा पिऊन जात. बाकीचे दिवस बाईंचे. त्या प्रार्थनेआधीच फळा लिहून ठेवीत आणि मग खिडकीच्या उजेडात, संस्कृतीला ओठ दिसतील अशा उभ्या राहत. तिला हाक मारायची तर पोरे फरशीवर पाय आपटत; हादऱ्याने ती वळून बघे.

शेजारच्या वर्गाचे बाबूलाल सर चिडवायचे, "बाई, तुमी त फळ्याकडं पाह्यतच नाई!"

"त्याले काय शिकवू, सर? थो दरसाली त्याच वर्गात बसते."

दिवाळीनंतर संस्कृतीचा बाप हेमसिंग पोरीला ऊसतोडीला न्यायला शाळेत आला. बाई म्हणाल्या, "तिच्यासमोर बसा. कायबी इचारा, पण सावकाश."

तो लाजतच बसला. "भाकर खाल्ली काय, पोरी?"

संस्कृतीने दोन बोटे दाखवली. मग पोटावरून हात फिरवून हसली.

"पयल्यांदा जबाब देला हिनं मले," तो म्हणाला. मग उठला. "माह्या मायपाशी ठेवतो. तुमच्या भरोशावर, बाई. शिकली त राहीन, नाई त माह्यासंगं येईन."

ऊसतोडीची टोळी गेली आणि बाईंना मतदारयादीचे काम लागले. त्या तहसीलच्या साहेबांकडे गेल्या, हात जोडले. "एका पोरीसाठी सरकार थांबवू काय?" साहेब म्हणाले.

बाबूलाल सरांना सारे समजावून बाई घरोघर हिंडू लागल्या. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. पण दोन वर्ग एका खोलीत, आणि बोलता बोलता फळ्यावर लिहायची आयुष्यभराची सवय. पोरांनी संस्कृतीसाठी पाय आपटले, तर सर ओरडले, "धिंगाणा बंद!" पोरे गप्प झाली. संस्कृती काही दिवस सरांची पाठ बघत बसली, मग यायची थांबली.

काम संपताच बाई थेट तिच्या आजीच्या, नानीबाईच्या दारात गेल्या.

"काल मुकादमाच्या जीपमंदी धाडली," म्हातारी म्हणाली. "घरी बसून माशा मारून राह्यली होती. तिकडं भावाले सांभाळीन."

बाईंनी तिथूनच फोन लावला. "काहून नेली, भाऊ? मी आली ना आता."

"तवा कुठी होत्या, बाई?" हेमसिंगच्या आवाजात राग नव्हता. मग भल्या माणसाच्या सवयीने त्याने विचारले, "बोलता काय तिच्यासंगं? देतो."

त्याचा फोन साधा, बटणांचा; त्यात ओठ दिसत नव्हते. बाईंना पलीकडून फक्त संस्कृतीचा श्वास ऐकू येत होता.