मुकादमाचं जाकीट

टाकेबाईंना खरं नाव होतं, पण ते आता कागदोपत्रीच उरलं होतं. आईसकट सगळे त्यांना टाकेबाईच म्हणत. रस्त्याला लागून असलेल्या पुढच्या खोलीत त्या चामड्याच्या वस्तू दुरुस्त करायच्या. उसवलेल्या बॅगा, तोंड वासलेले बूट, चेन गेलेली जाकिटं. मागच्या खोलीत आई. गुडघ्यांनी तिला खाटेला बांधून टाकलं होतं, पण कान शाबूत होते. गिऱ्हाईक काय बोलणार ते आईला गिऱ्हाइकाच्या आधी कळतं, असं टाकेबाई थट्टेनं म्हणत.

थंडी नुकतीच पडायला लागली होती तेव्हा एक तरुण बाई जाकीट घेऊन आली. पिशवीतून काढून तिनं ते टेबलावर ठेवलं, तर ते आडवं पडेना. पत्र्यासारखं ताठ झालं होतं.

"भिजून आखडलंय," ती म्हणाली. "होईल का काही?"

टाकेबाईंनी दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. खांदे चांगले होते. छातीपासून खाली मात्र सगळं आवळून आलेलं, आणि बाह्या कोपरापासून पुढे चुरगळून लहान झालेल्या.

"हे घालून कुणीतरी पाण्यात उभं होतं," त्या म्हणाल्या. "आणि मग विस्तवाजवळ वाळवलंय. ओलं चामडं शेकलं की संपलं."

"मला नाही माहीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून असंच आहे. सासऱ्यांचं आहे. आता त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं हो. थंडीनं कुडकुडतात, पण दुसरं काही अंगाला लावू देत नाहीत. हेच पाहिजे. आणि हे तर शिरत नाही अंगात. मग ओढाताण करतात, रडतात. मनगटं सोलवटून निघालीत."

"नव्यासारखं होणार नाही. थोडं सैल होईल, बाकी जोड देऊन भरून काढावं लागेल. ठिगळ दिसेल."

"दिसू दे की. त्यांना आता कुठे मिरवायचंय!"

आठ दिवसांनी आणून देते, असं सांगून टाकेबाईंनी घराचा पत्ता लिहून घेतला.

चामडं ताणायचं काम घाईचं नसतं. कोमट पाण्यात तेल घालून ते फडक्यानं थोडं थोडं मुरवायचं, मग लाकडी धडावर चढवून रोज बोटभर ताणायचं. जोर केला की फाटतं. पण त्याआधी अस्तर काढणं भाग होतं. टाकेबाई दुसऱ्या दिवशी सकाळी दारातल्या उजेडाला बसल्या आणि अस्तर उसवायला त्यांनी कॉलर उलटी केली.

कॉलरचे टाके डावीकडे कलले होते.

डावखुऱ्या हाताचा टाका असा पडतो. टाकेबाईंच्या माहितीत असा टाका घालणारी एकच बाई होती. त्यांची धाकटी बहीण.

दोघी बहिणी पूर्वी एकाच कारखान्यात होत्या. तिथं चामड्याला रंग देण्यापासून जाकिटं शिवण्यापर्यंत सगळं व्हायचं. धाकटीला डावखुरी म्हणून आधी कुणी मशीनवर बसवेना, तेव्हा मुकादमानंच तिला हातशिलाई शिकवली होती. माणूस फाटक्या तोंडाचा, पण कामात चोख. "चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही. टोचायच्या आधी डोकं चालवा," असं दिवसातून दहा वेळा बजावायचा. त्याच्या नोकरीला वीस वर्षं झाली तेव्हा मालकानं त्याला एक जाकीट भेट द्यायचं ठरवलं. ते बायकांनी मिळून शिवलं, आणि कॉलर धाकटीनं.

म्हणजे काल आलेली ती मुकादमाची सून.

टाकेबाईंनी उसवायला घेतलं. अस्तर मूळचं राखाडी होतं. वरचा भाग अजूनही राखाडीच होता. पण छातीवर एक आडवी रेघ होती, वेडीवाकडी, आणि तिच्या खाली सगळं अस्तर तांबडं झालं होतं.

तो तांबडा रंग त्या कुठेही ओळखल्या असत्या. कारखान्याच्या तळघरात त्या रंगाची पिंपं ठेवलेली असायची. सात वर्षांपूर्वी रस्त्याखालची मोठी पाइपलाइन भरदुपारी फुटली आणि सगळा लोंढा तळघरात घुसला. तेव्हा आत तीन बायका होत्या, धाकटी त्यांतली एक. चामडी वर आणायला गेलेल्या. चोरी होते म्हणून तळघराच्या दाराला बाहेरून कुलूप लावायची पद्धत होती, आणि किल्ली मुकादमाजवळ असायची. वर सगळ्यांनी त्याच्या नावानं ओरडून घसा फोडला. तो कुठेच दिसेना. तळघरात उतरणाऱ्या पाठीमागच्या जिन्याकडे कुणाला जाऊ दिलं नाही. पाणी चढतंय, जाऊ नका, म्हणून दरवानानं अडवलं. बंबवाल्यांनी येऊन दार फोडलं तोवर चाळीस मिनिटं गेली होती. तिघीही वाचल्या नाहीत. धाकटीला बाहेर काढलं तेव्हा तिची नखं आणि केसांची टोकं तांबडी झाली होती. आईनं साबण लावून लावून धुतली. रंग गेला नाही.

चौकशी झाली. मुकादमानं लिहून दिलं, मी किल्ल्या घेऊन मालकाच्या घरी गेलो होतो, परत आलो तोवर सगळं संपलं होतं. मालकानं त्याला दुजोरा दिला. दैवाचा घाला, असा निकाल लागला आणि कारखान्याला टाळं. टाकेबाईंनी तो निकाल पटवून घेतला होता. माणूस जागेवर नव्हता, त्याला तो काय करणार?

आणि आता हे अस्तर. पिंपं फुटल्यावर तांबडं झालेलं ते पाणी दुसरं कुठे नव्हतंच. मुकादम त्या जिन्यावर छातीभर पाण्यात उभा होता.

"काय गं, हात का थांबले?" आतून आईनं विचारलं.

"दोरा संपला," टाकेबाई म्हणाल्या.

दोन दिवस त्यांनी जाकिटाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी कातर घेतली. चिंध्या करून सुनेच्या हातात द्याव्यात, असं अगदी मनापासून वाटलं. खालून कापत वर गेलं तर शेवटी कॉलर येणार होती. कातर खाली ठेवली आणि त्या कामाला लागल्या. दुसरं काय करायचं ते त्यांना सुचेना. बगलेपासून खाली दोन्ही बाजूंना हातभर लांबीच्या कळ्या, म्हणजे निमुळत्या पट्ट्या, घातल्या. बाह्यांना चार बोटं जोड दिला. नवं अस्तर लावलं. जुनं घडी करून ट्रंकेत ठेवलं. असलं नेटकं काम त्यांच्या हातून वर्षभरात झालं नव्हतं, आणि त्याचा त्यांना रागच आला.

आठव्या दिवशी सकाळी त्या स्वतः जाकीट घेऊन गेल्या. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दारात ओल्या चपला. मुकादम खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. टाकेबाईंनी ओळखलं ते केवळ कानांवरून, इतका तो आटून गेला होता. मनगटांना फडकी बांधलेली. त्यानं टाकेबाईंकडे पाहिलं, पण नजरेत ओळख नव्हती.

"दार उघडलं का?" त्यानं विचारलं.

"उघडलं हं बाबा, उघडलं," सून म्हणाली, आणि टाकेबाईंकडे वळून हलक्या आवाजात पुढे म्हणाली, "दिवसभर हेच. हो म्हटलं की गप्प होतात."

"मुकादम, हात पुढे करा," टाकेबाई म्हणाल्या.

त्या आवाजाला तो निमूटपणे उठला. एक बाही चढली, मग दुसरी. टाकेबाईंनी चेन वर ओढली. पोटाशी किंचित अडली, पण लागली. म्हाताऱ्यानं दोन्ही हात छातीवरून खाली फिरवले. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दार उघडलं का?" त्यानं पुन्हा विचारलं.

"नाही," टाकेबाई म्हणाल्या.

सून दचकली. "अहो, असं नका ना सांगू..."

"नाही उघडलं, मुकादम. किल्ली तुमच्याजवळ होती."

म्हातारा एकदम सरळ, शहाण्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "पाणी फार होतं."

"कुठवर?"

"इथवर." त्यानं तळहात छातीवर आडवा धरला. "तीन पायऱ्या राहिल्या होत्या. कुलूप पाण्याखाली. आतून दार बडवत होत्या."

"हाका मारत होत्या?"

"मला. मुकादम, मुकादम म्हणून. मी म्हटलं, आलो. म्हटलं मी, आलो." त्याचा खालचा ओठ लोंबायला लागला. "मला पोहता येत नाही गं बाई. मी फिरलो."

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारीला शिव्या घालत होतं. म्हाताऱ्याची नजर हळूहळू खिडकीकडे गेली. टाकेबाई काय ऐकायला थांबल्या होत्या त्यांनाच ठाऊक.

"दार उघडलं का?" तो म्हणाला.

या वेळी सून काहीच बोलली नाही.

जिन्यापर्यंत ती मागोमाग आली. "मी आपली घराचं दार समजत होते इतके दिवस. कोण होत्या आत?"

"तिघी. एक माझी बहीण."

"आणि तरी तुम्ही शिवून दिलंत?"

"काम घेतलं होतं," टाकेबाई म्हणाल्या आणि उतरायला लागल्या.

घरी आल्यावर आईनं आतून विचारलं, "कुणाचं होतं गं जाकीट? इतके दिवस सांगितलं नाहीस."

सांगायचं नाही असं वाटेत ठरवलं होतं. पण आईशी खोटं बोलायचं तर आधी तिचे कान बुजवायला हवेत. टाकेबाईंनी सगळं सांगितलं, ट्रंकेतलं अस्तरही दाखवलं. आईनं ते हातात घेतलं, रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे दाराजवळ आला होता."

"हो."

"आलो, म्हणाला?"

"हो."

"मग तिला वाटलं असेल, आला." आईनं अस्तर परत दिलं. "आणि मग वाट बघितली असेल तिनं."

सात वर्षं आई म्हणायची, पाणी पटकन आलं असेल, पोरीला कळलंही नसेल. त्या दिवसानंतर ती असं पुन्हा कधी म्हणाली नाही. टाकेबाईंना वाटलं, एवढं तरी आपण तिच्याजवळ राहू द्यायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात त्या अस्तर घेऊन चौकशी कचेरीत गेल्या. कारकून वाईट नव्हता. त्यानं बसायला खुर्ची दिली, फाइल शोधून आणली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही त्याचा जबाब कोण घेणार? आणि मालक तर वारला." दुसऱ्या दोघींपैकी एकीचा नवरा गाव सोडून गेला होता. दुसरीच्या भावानं दारातच हात जोडले. "आता नका उकरू," म्हणाला. "माझ्या आईला नुकती झोप लागायला लागलीय."

मुकादम थंडी संपायच्या आधीच गेला. सून सांगायला आली होती. शेवटी शेवटी त्यानं दाराचं विचारणं सोडलं होतं, असं म्हणाली. टाकेबाईंनी बूट शिवता शिवता ऐकून घेतलं, आणि तिला पाणी दिलं.